जाऊबाईंच्या शेतामागची झाडी

वाटणीच्या वेळी निवड जयमालाने केली होती, आणि हेच तिला पचत नव्हतं.

संग्रामपूरहून सातपुड्याकडे निघालं की कपाशीचा सपाट पट्टा संपता संपता तिचं गाव लागतं. सासऱ्यांची दोन वावरं होती. एक सडकेला लागून, काळंभोर, चांगल्या विहिरीचं. दुसरं गावामागे, मधे झाडीचा एक रुंद पट्टा ओलांडून, पार डोंगराच्या पायथ्याशी. साग, धावडा, मोह, पळस अशी ती गावची राखलेली झाडी. तिच्यापलीकडच्या वावरात रानडुकरं यायची, रोही म्हणजे नीलगायी यायच्या, माणूस मात्र काम असल्याशिवाय जायचा नाही. सासऱ्यांनी धाकट्या मुलाला, मोतीरामला, आधी विचारलं. मोतीरामने बायकोकडे पाहिलं. जयमाला म्हणाली, "सडकेकडचं." थोरला भाऊ किसनराव, त्याच्या वाट्याला डोंगराकडचं आलं. त्याची बायको सोजराबाई उठली, तिने डोंगराकडच्या वावरात खोपी बांधली आणि डुकरं हाकायला डबा वाजवत बसू लागली.

त्या वर्षी जयमाला खूश होती. नंतर कधी झाली नाही.

जयमाला कामाला वाघीण. भाजीपाल्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं तिच्या वावरात व्हायचं. बोलायला मोकळी, हसायला मोठ्याने, कुणाच्या घरी लग्न असलं की पोळ्या लाटायला सगळ्यांच्या आधी हजर. पण सोजराबाईचं नाव निघालं की तिचं हसू ओठांवरच वाळायचं. सोजराबाईने मोगऱ्याचं रोप लावलं की जयमाला दोन लावायची. सोजराबाईने कानातले बदलले की जयमालाचे कान आठवडाभर दुखायचे. हे ती कुणाला सांगत नसे, पण मोतीरामला माहीत होतं. तो म्हणायचा, "अवं, ते आपल्या घरचीच हाय." त्यावर जयमाला म्हणायची, "म्हनूनच तं." परक्या बाईचं भलं तिला चालत होतं. एकाच चुलीवरून वेगळ्या झालेल्या बाईचं चालत नव्हतं.

त्यात सोजराबाईची भाजी. बी एकच, बाजारही एकच, तरी संग्रामपूरच्या बायका "डोंगराकडची मेथी हाय का?" असं विचारायच्या. एवढंच नाही, जयमालाची स्वतःची मुलगी रेणुका कॉलेजातून आली की दप्तर टाकून झाडीतून पलीकडे सोजराबाईकडे पळायची आणि परत आल्यावर म्हणायची, "आई, मोठाईच्या वांग्याले काही येगळीच चव हाय वं."

जयमाला त्या दिवशी वांगी केलेलं पातेलं तसंच झाकून ठेवायची.

दसऱ्याच्या सुमाराला योगिनी मॅडम गावात आल्या. विद्यापीठात शिकवायच्या, हवेतल्या विषारी पदार्थांवर काम करायच्या. त्यांनी तीन ठिकाणी एकेक विचित्र वस्तू टांगली. एकावर एक उपडी ठेवलेली स्टीलची दोन भांडी आणि आत हवेतलं विष टिपायला स्पंजची पिवळसर चकती. एक जयमालाच्या बांधावर, एक झाडीच्या आत, एक सोजराबाईच्या वावरात. झाडीत झाडांखाली त्यांनी जाळ्याही बांधल्या, गळलेली पानं जमिनीवर पडण्याआधी झेलायला. कपाशीवर तेव्हा फवारणीचा जोर होता. सकाळी हवेला औषधाचा तो ओळखीचा, घशाला लागणारा वास असायचा.

माघ उजाडला तेव्हा मॅडमनी शाळेच्या मैदानात सगळ्यांना बोलावलं आणि काय सापडलं ते सांगितलं.

"तुम्ही फवारता ते सगळं पिकावर राहत नाही," त्या म्हणाल्या. "ऊन तापलं की त्यातलं काही वाफेसारखं वर उठतं आणि वाऱ्यावर जातं. कचरा जाळला, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्या, त्या धुरातही असेच विषारी पदार्थ असतात. सडकेकडच्या शेतातल्या स्पंजात ते भरपूर मिळाले. झाडीपलीकडच्या शेतात त्या मानानं फारच कमी."

"मधात गेलं कुठी मंग?" कुणीतरी विचारलं.

"झाडांनी अडवलं. चुलीमागच्या भिंतीला हात लावून बघा. फोडणीची वाफ तिथं बसून बसून चिकट थर होतो की नाही? झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. ही औषधं तेलकट स्वभावाची. पाण्यापेक्षा त्यांना मेण आवडतं. हवा झाडीतून जाते तेव्हा लाखो पानं ती टिपून घेतात. सोजराबाईंच्या शेतापुढं निसर्गानं पडदाच लावलाय म्हणा."

सगळ्यांनी माना वळवून सोजराबाईकडे पाहिलं. ती लाजून पदर सारखा करत होती. जयमालाला वाटलं, आपल्या पोटात कुणी निखारा ठेवला. ज्या वावराला तिने नाक मुरडलं होतं, ज्याला सगळे वैताग म्हणायचे, त्याच्यापुढे पडदा. आणि तिच्या सडकेकडच्या सोन्यासारख्या जमिनीवर सगळ्या गावाचं औषध.

पुढच्याच बाजारी भाजीचे व्यापारी जब्बारभाई सोजराबाईच्या पाट्या वेगळ्या लावू लागले. "झाडीपलीकडची भाजी, साफ हवेतली!" अशी हाळी त्यांच्या दुकानावरून यायची. जयमालाची वांगी शेजारीच पडलेली असायची, जांभळी, टवटवीत, आणि बायका ती ओलांडून पुढे हात घालायच्या.

तिला झोप येईना, जेवण जाईना. मग एका सकाळी ती झाडीत गेली. मॅडम जाळीतली पानं कागदी पिशवीत भरत होत्या.

"मॅडम, एक विचारू? पानानं धरलं ते जाते कुठी?"

मॅडमना प्रश्न आवडला. त्या खालीच बसल्या. "काही थोडं पानातच मोडतं, काही उन्हाने परत हवेत सुटतं. पण बरंचसं पानासोबत गळतं. पान कुजतं, माती होते, आणि ते त्या मातीत राहतं. मलेरियावाले घरोघरी पांढरं औषध मारून जायचे ना, तुमच्या लहानपणी? त्याचा अंश अजून या मातीत सापडतो. म्हणून इथं वणवा लागू द्यायचा नाही. वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं आगीत एकदम मोकळं होतं."

"म्हंजे या पाल्यात, खालच्या मातीत, सगळं जमा हाय."

"हो. पण एक लक्षात घ्या, ही कुजलेली माती त्याला..."

"येतो मॅडम, गुरं सुटली असतीन," असं म्हणून जयमाला उठली. गुरं दावणीलाच होती. पण तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि पुढचं ऐकायला ती थांबली नाही. सोजराबाई दरवर्षी याच झाडीतला पाला गोळा करते, बांधावर त्याचा ढीग लावते, कुजला की वाफ्यात टाकते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बाजारात जब्बारभाई पाट्या उतरवून घेत होते. जयमाला जवळ जाऊन उभी राहिली.

"जब्बारभाई, मी आपली म्हनत नाही हो, मॅडम म्हनते. हवा साफ, पन सारं जहर त्या झाडीच्या पाल्यात बसते म्हने. आन् जाऊबाई तोच पाला मेथीले घालते."

जब्बारभाईंचे हात थांबले. "क्या बोल्ता भाभी?"

"इचारा मॅडमले. मी खोटं बोलून राह्यली का?"

खोटं ती बोलत नव्हती. अर्धं बोलत होती, आणि ते तिलाही ठाऊक होतं. घरी येताना जीपमध्ये ती गाणं गुणगुणत होती. त्या संध्याकाळी मोतीरामने तिला फार दिवसांनी पोटभर जेवताना पाहिलं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. "साफ हवेतली" ही हाळी बंद झाली. सोजराबाईच्या पाट्या बाजारातून जशाच्या तशा परत येऊ लागल्या. ती मेथी बकऱ्यांपुढे टाकायची आणि उभी राहून बघायची. किसनरावने बाजारात जाणंच सोडलं. लोक त्याला बघून बोलणं थांबवतात, असं तो म्हणाला.

एके दुपारी सोजराबाई जयमालाच्या दारात आली. चेहरा उतरलेला.

"जयमाला, तुह्या कानावर काही आलं का वं? कोनं असं उठवलं असंल?"

जयमालाने पाटीतल्या शेंगा सोलणं सोडलं नाही. "लोकायचं काय जाऊबाई. चांगलं पाहवत नाही कोनाले."

सोजराबाई रडली. तिला रडताना जयमालाने कधी पाहिलं नव्हतं. सासू गेली तेव्हाही नाही. जयमालाने चहा टाकला, आलं जास्त घातलं, कप तिच्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोरली जाऊ तिच्यापुढे लहान झाली होती. या घटकेची जयमालाने किती वाट पाहिली होती. पण ती गेल्यावर रिकामा कप विसळताना तिच्या हातून तो सुटला, आणि तुकडे वेचताना तिला स्वतःचाच राग आला. मग तिने तो राग सोजराबाईवरच काढला: एवढं रडायचं काय त्यात, आपण तर इतकी वर्षं न रडता काढली.

होळीच्या आधी रेणुका धावत घरी आली.

"आई, मोठाई पाल्याचा ढीग पेटवून राह्यली! म्हनते, लोकायले दाखवतो का माह्या वावरात आता काहीच नाही. सगळा ढीग जाळतो, मंग तं भाजी घेतीन."

जयमाला अंगणात उभी होती. वारा डोंगराकडून गावाकडे वाहत होता. झाडी वाळलेली, पळसाला पान नाही, खाली पाचोळ्याचा गुडघाभर थर. मॅडमचे शब्द तिला जसेच्या तसे ऐकू आले. आधी तिच्या मनात आलं, जाऊबाईचा धूर माझ्या वावरावर येईल. मग आलं, झाडीच पेटेल. मग सोजराबाईचा तो चहाचा कप आला. यातल्या कशाने तिचे पाय उचलले, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. ती पदर खोचून झाडीतून धावत सुटली.

सोजराबाईने ढिगाच्या कडेला वाळक्या पऱ्हाट्या रचल्या होत्या. हातात काडीपेटी होती. किसनराव लांब मोहाखाली पाठ करून बसला होता.

"पेटवू नका!" जयमाला लांबूनच ओरडली. "जाऊबाई, पेटवू नका!"

"काऊन?"

"पाल्यानं जे धरून ठेवलं ते आगीत मोकळं होते. हवेत जाते, साऱ्या गावावर पडते. आन् ठिनगी उडाली तं झाडी राह्यते का?"

"तुले कोनं सांगतलं हे?"

"मॅडमनं."

सोजराबाई तिच्याकडे बघत राहिली. "आन् पाल्यात हाय म्हनून? तेबी तुले मॅडमनंच सांगतलं?"

जयमालाला दम लागला होता. नाही म्हणता आलं असतं. पण ज्या अर्थी आग लावू नका हे तिला माहीत होतं, त्या अर्थी बाकीचंही तिलाच माहीत होतं. गावात दुसऱ्या कुणी मॅडमला असं विचारलंच नव्हतं.

"हाव," ती म्हणाली.

"म्हंजे जब्बारले तूच."

"हाव."

सोजराबाईने काडीपेटी बंद केली. "मी तुह्या दारात येऊन रडली. तुह्या हातचा चहा पेली मी."

जयमालाने माफी मागायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते दुसरंच. "सडक मी घेतली, विहीर मी घेतली, तरी चांगलं तुमचंच काऊन होते? भाजी तुमची चांगली, हवा तुमची चांगली, माही पोरगीबी तुमच्याच घरी जेवते! मले काय भेटलं?"

"राती जागून डुकरं हाकलली मी. मालकाले साप चावला तवा या झाडीतून त्याइले पाठीवर आनलं. तवा नाही जळलं तुहं पोट?"

किसनराव उठून आला. तो कमी बोलणारा माणूस. त्याने बायकोच्या हातातली काडीपेटी घेतली, खिशात टाकली आणि भावजयीला एवढंच म्हणाला, "घरी जा."

ती गेली. मोतीरामला तिने स्वतःच सगळं सांगितलं. ऐकून त्याने मॅडमना फोन लावला.

मॅडम आल्या, सोजराबाईच्या ओट्यावर बसल्या. जयमाला अंगणाच्या कडेला उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही.

"त्या दिवशी मी पुढचं सांगत होते, तुम्ही निघून गेलात," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून बोलणं जास्त लागलं. "कुजलेला पाला या विषारी पदार्थांना घट्ट धरतो. सहज सोडत नाही. भाजीच्या मुळातून ते वर चढणं अवघड असतं. पण मी अंदाजानं बोलणार नाही. दोघींची भाजी तपासायला नेते."

तपासणी होऊन मॅडम परत आल्या तेव्हा उन्हाळा चांगलाच तापला होता. सोजराबाईच्या भाजीत काळजी करावी असं काही नव्हतं. ढीग जाळू नका, धूळ उडवू नका, मातीत मिसळा आणि भाजी धुऊन विका, एवढंच त्यांनी सांगितलं. मग त्या जयमालाकडे वळल्या.

"तुमच्या वांग्यांवर मात्र औषध आहे. ते झाडीतून आलेलं नाही. शेजारच्या पंपातून आलंय, आणि थोडं तुमच्याच पंपातून."

मोतीरामने खाली पाहिलं. कुणी हसलं नाही. जयमालाला वाटलं, कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"झाडी आहे म्हणून कितीही फवारा, असंही नाही," मॅडम निघताना म्हणाल्या. "उन्हाळ्यात त्यातलं थोडं परत सुटतं. झाडं धरून ठेवतात, संपवत नाहीत. मुळात कमी सोडणं आपल्या हातात आहे."

पुढच्या बाजारी जयमाला जब्बारभाईंच्या दुकानासमोर उभी राहिली आणि गिऱ्हाईक असताना मोठ्याने म्हणाली, "जाऊबाईच्या भाजीचं मी अर्धंच सांगतलं होतं. त्यात काही नाही. तपासून आनलं."

जब्बारभाई वैतागले. "भाभी, पयले जहर बोलल्या, आता साफ बोलता. मी लोकायले काय सांगू? मंडीत माही जबान चालते." पण त्यांनी पाटी लावली. गिऱ्हाईक एकदम परत आलं नाही. काही बायका आल्या, काहींनी शेवटपर्यंत नाक मुरडलं. सांडलेलं बोलणं गोळा करायला सोजराबाईला पुढचा अख्खा हिवाळा लागला.

जयमालाशी ती बोलत नव्हती. रेणुकाचं जाणं-येणं मात्र चालू होतं, आणि जयमाला आता पातेलं झाकून ठेवत नसे. पण पोटातला निखारा विझला, असं म्हणणं खोटं होईल. मॅडमनी जाळ्यांवर लक्ष ठेवायचं काम सोजराबाईला दिलं तेव्हा तो पुन्हा फुलला. फरक एवढाच की आता जयमाला त्याला ओळखत होती. आला की ती कुदळ घेऊन बाहेर पडायची.

त्या कुदळीने तिने कपाशीकडच्या बांधावर खड्डे खणले. मोतीराम कुरकुरला, सावली पडंल, पीक दबंल. तिने ऐकलं नाही. वांग्यावरची फवारणी तिने निम्म्यावर आणली होती. पहिली तोडणी किडकी निघाली, तेव्हा तिने त्यातली चांगली वांगी निवडून तेवढीच विकली. वनखात्याच्या रोपवाटिकेतून तिने करंज आणि कडुनिंब आणले. पहिल्या वर्षी बकऱ्यांनी अर्धे खाल्ले. तिने पुन्हा आणले, काट्यांचं कुंपण केलं.

एका सकाळी ती खड्ड्यात माती लोटत असताना सोजराबाई डोक्यावर पाटी घेऊन सडकेने चालली होती. ती थांबली. ढिगापाशी झालेल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच.

"हे काऊन लावून राह्यली?"

जयमालाने कपाळावरचा घाम पुसला. गोड उत्तर तिला सुचलं नाही. "तुमच्याकडे हाय, माह्याकडे नाही, म्हनून."

सोजराबाईने बांधावर नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "खालच्या अंगाले पानी साचते. तठी कडुनिंब सडंल. अर्जुन लाव तठी," ती म्हणाली आणि चालू लागली.

जयमाला तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. हेसुद्धा हिलाच कसं सुचलं, या विचाराने तिचे कान तापले. मग ती खालच्या अंगाला गेली आणि तिथे लावलेले दोन कडुनिंब मुळाच्या मातीसकट अलगद खणून वर आणू लागली.